ट्रिपल-डबलची सरासरी: रॉबर्टसन आणि वेस्टब्रुक यांची तुलना कशी करावी?

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत आजवर मोजक्याच खेळाडूंनी संपूर्ण हंगामात ट्रिपल-डबलची सरासरी राखली आहे. गुण, रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर चेंडूचा ताबा) आणि असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारा पास) या तिन्हींत किमान दहाचा आकडा गाठणे म्हणजे ट्रिपल-डबल. सिनसिनाटी रॉयल्सच्या ऑस्कर रॉबर्टसन यांनी १९६१-६२ मध्ये ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट अशी सरासरी नोंदवली. ओक्लाहोमा सिटी थंडरच्या रसेल वेस्टब्रुक यांची २०१६-१७ मधील सरासरी अनुक्रमे ३१.६, १०.७ आणि १०.४ होती.

वरकरणी रिबाउंडमध्ये रॉबर्टसन सरस ठरतात. मात्र रिबाउंड मिळण्यासाठी आधी फेक हुकावी लागते. त्या काळी खेळ अतिशय वेगवान होता आणि निम्म्याहून अधिक फेकी हुकत. परिणामी प्रत्येक संघाला सामन्यामागे सरासरी सुमारे ७० रिबाउंड मिळत. २०१६-१७ मध्ये हे प्रमाण ४४च्या आसपास होते. सरासरी संघाच्या तुलनेत रॉबर्टसन यांचा वाटा सहाव्या हिश्श्याहून थोडा अधिक, तर वेस्टब्रुक यांचा जवळपास एक चतुर्थांश भरतो. शिवाय रॉबर्टसन ४८ पैकी सुमारे ४४ मिनिटे मैदानावर असत, वेस्टब्रुक ३५ मिनिटांहूनही कमी.

एवढ्यावरून वेस्टब्रुक श्रेष्ठ, असा निकाल देणेही घाईचे होईल. असिस्टच्या बाबतीत पारडे उलट झुकते, कारण साठच्या दशकात असिस्ट देण्याचे निकष अधिक कडक होते. तीन गुणांची रेषा तर एनबीएमध्ये १९७९-८० पासून आली. त्यापूर्वी लांबून केलेला बास्केटही दोनच गुणांचा होता.

काही कामगिरीची नोंदच नाही. ब्लॉक आणि स्टील यांची अधिकृत मोजणी १९७३-७४ मध्ये सुरू झाली. १९६१-६२ चा सर्वोत्तम खेळाडू ठरले ते बॉस्टन सेल्टिक्सचे बिल रसेल, आणि तेही खेळाडूंच्याच मतदानातून. बचाव हेच त्यांचे मुख्य बळ. तरीही अधिकृत नोंदवहीत त्यांच्या नावावर एकही ब्लॉक नाही.

यावर उपाय म्हणून आता सामन्याऐवजी चेंडूच्या दर १०० ताब्यांमागची कामगिरी मोजली जाते. मात्र ताब्यांच्या हिशेबासाठी टर्नओव्हर, म्हणजे चेंडू गमावल्याच्या नोंदी लागतात, आणि साठच्या दशकात एनबीएमध्ये त्या ठेवल्या जात नव्हत्या. त्यामुळे रॉबर्टसन यांच्या काळातील खेळाचा वेग आज अंदाजानेच काढावा लागतो.