नेत्रभिंगाची घडण आणि मोतीबिंदूचे ‘पिकणे’

‘मोतीबिंदू अजून पिकलेला नाही, पिकला की काढू,’ हे वाक्य मराठवाड्यातील गावोगावी आजही ऐकू येते. जालना शहराची ओळख बियाण्यांची. तेथे १९६४ मध्ये ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन करणारे बद्रीनारायण बारवाले यांच्याच पुढाकाराने शहरात श्री गणपती नेत्रालय उभे राहिले. बियाण्याच्या व्यवहारात पिकण्याची वाट पाहणे हा शहाणपणा असतो. डोळ्याच्या बाबतीत मात्र तो अनेकदा दृष्टीवर बेततो. असे का, हे समजण्यासाठी डोळ्यातील भिंग कसे घडते आणि त्याच्या पेशी पक्व होतात म्हणजे नेमके काय होते, ते पाहावे लागते.

गर्भातील आरंभ

गर्भाच्या चौथ्या आठवड्यात मेंदूच्या दोन्ही बाजूंनी एकेक फुगवटा बाहेर येतो आणि त्वचेच्या पेशीथराला जाऊन भिडतो. त्या जागी थर जाड होतो, आत दबतो आणि पाचव्या आठवड्याच्या सुमारास सुटून त्याची एक पोकळ गोळी बनते. हेच भावी भिंग. डोळ्याचा पडदा मेंदूपासून आणि भिंग मात्र त्वचेच्या थरापासून, अशी ही दुहेरी घडण आहे. मेंदूकडून आलेल्या फुगवट्याच्या संकेतावाचून भिंग तयार होत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ हान्स श्पेमान यांनी १९०१ मध्ये बेडकाच्या भ्रूणावरील प्रयोगांतून दाखवले.

पुढे गोळीच्या मागच्या बाजूच्या पेशी लांबट होत जातात आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास आतली पोकळी भरून काढतात. या पहिल्या तंतुपेशी. पुढच्या बाजूच्या पेशी मात्र एकेरी थराच्या रूपात आयुष्यभर टिकतात. भिंगाच्या कडेजवळ त्यांचे विभाजन चालू राहते; नव्या पेशी लांब होऊन जुन्या तंतूंवर थरावर थर चढवतात. कांद्याला जसे पापुद्रे, तशीच ही रचना. फरक एवढाच, की भिंगात सर्वांत जुना थर गाभ्यात असतो, नवा बाहेर, आणि एकही थर कधी गळून पडत नाही.

केंद्रक सोडणारी पेशी

पक्व होताना तंतुपेशी स्वतःचे केंद्रक आणि ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका मोडीत काढते. हे घटक प्रकाश विखुरतात; ते असते तर भिंग पारदर्शक राहिले नसते. पेशी मग क्रिस्टलिन नावाच्या प्रथिनांनी गच्च भरते. भिंगाच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग प्रथिनांचा असतो. गर्भावस्थेत भिंगाभोवती असलेले रक्तवाहिन्यांचे जाळेही जन्मापूर्वी विरून जाते आणि पुढे डोळ्यातील द्रवावरच भिंगाचे पोषण होते.

या पारदर्शकतेची किंमत मोठी आहे. केंद्रक नसलेल्या पेशीला नवे प्रथिन बनवता येत नाही. त्यामुळे सत्तरीतल्या माणसाच्या भिंगाच्या गाभ्यातील प्रथिने जन्मापूर्वीचीच असतात. याच वैशिष्ट्याचा उपयोग करून २०१६ मध्ये ग्रीनलंड शार्क माशांच्या भिंगातील कार्बनवरून त्यांचे वय ठरवण्यात आले; सर्वांत मोठी मादी सुमारे चारशे वर्षांची असावी, असा अंदाज निघाला.

चाळिशी ते मोतीबिंदू

थर वाढत गेल्याने जन्मावेळी सुमारे ६५ मिलिग्रॅम असलेले भिंग वार्धक्यापर्यंत तिपटीहून अधिक वजनाचे होते आणि हळूहळू ताठर बनते. त्याला जवळच्या वस्तूसाठी फुगता येईनासे झाले, की ‘चाळिशी’ लागते. अल्फा क्रिस्टलिन हे प्रथिन बिघडू लागलेल्या इतर प्रथिनांना धरून ठेवते. पण त्याचा साठाही जन्मभरासाठी ठरलेला असतो. तो अपुरा पडला, की प्रथिनांच्या गुठळ्या होतात, प्रकाश विखुरतो आणि भिंग धूसर होते. हाच मोतीबिंदू. मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडे आणि उन्हातील अतिनील किरण ही प्रक्रिया वेगवान करतात. शेतात दिवसभर उन्हात राबणाऱ्यांनी टोपी आणि गॉगल वापरण्याचा सल्ला यासाठीच दिला जातो.

‘पिकण्याची’ समजूत

एके काळी वाट पाहण्याला कारण होते. तेव्हा संपूर्ण भिंग आवरणासह काढत आणि रुग्णाला जाड भिंगांचा चष्मा लागे. म्हणून नजर अगदी अधू झाल्यावरच शस्त्रक्रिया होई. १९४९ मध्ये लंडनला हॅरॉल्ड रिडली यांनी प्रथम कृत्रिम भिंग बसवले आणि १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्याची फेको पद्धत आणली. आता आवरण राखून आत कृत्रिम भिंग बसवतात. त्यामुळे रोजच्या कामात अडथळा येऊ लागला, की शस्त्रक्रिया करता येते. अति पिकलेला मोतीबिंदू कठीण होतो, शस्त्रक्रिया अवघड करतो. कधी तो फुगून, तर कधी त्यातील प्रथिने झिरपून डोळ्यातील दाब वाढतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. देशातील २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील अंधत्वाच्या सुमारे ६६ टक्के प्रकरणांत मोतीबिंदू हेच कारण आढळले.

शस्त्रक्रियेनंतर काहींना काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा धूसर दिसते. मोतीबिंदू परत आलेला नसतो. मागे राहिलेल्या कडेच्या पेशी आवरणावर पसरलेल्या असतात. लेसरने हा दोष काही मिनिटांत दूर होतो.

बालकांसाठी घाई हवी

गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत, म्हणजे भिंग घडत असतानाच आईला रुबेला झाला, तर बाळ मोतीबिंदू घेऊन जन्मू शकते. हा संबंध ऑस्ट्रेलियातील नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये दाखवला. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूच्या तपासणीचा समावेश आहे.

मेंदू पाहायला शिकतो तो पहिल्या काही महिन्यांत. त्या काळात प्रकाश आत पोहोचला नाही, तर पुढे भिंग काढूनही नजर पूर्ण येत नाही. म्हणून दाट मोतीबिंदूची शस्त्रक्रिया जन्मानंतर काही आठवड्यांतच करावी लागते. बाळाची बाहुली पांढुरकी दिसली, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. हे डोळ्यातील कर्करोगाचेही लक्षण असू शकते. वृद्धांच्या मोतीबिंदूत तारीख ठरवायला थोडी सवड मिळते, बालकाच्या बाबतीत ती नसते.