पहिल्या पानाची कुळकथा

‘तुमची वेबसाइट गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो’ असा फोन ज्याला आला नाही असा दुकानदार ठाणे ते कल्याण पट्ट्यात शोधून सापडायचा नाही. क्लासवाले, दातांचे डॉक्टर, पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या काकू, पॅकर्स-मूव्हर्स, सगळ्यांना येतो. फोन करणारा पोरगा बहुधा बीएस्सी आयटी झालेला असतो, आणि तो जे ‘पहिलं पान’ विकतो ती वस्तूच हळूहळू त्याच्या हातून निसटत चालली आहे. धंद्याचं नाव एसईओ, म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन. वय जेमतेम तिशीचं, पण तेवढ्यात त्याने चार-पाचदा कात टाकली. दरवेळी वेबचं तंत्र बदललं आणि धंद्याला मुकाट्याने त्यामागून जावं लागलं.

यादीत वर दिसण्याची खटपट मात्र वेबच्याही आधीची. ठाण्याचा फोन एमटीएनएलचा, कोड ०२२, म्हणजे ठाणेकर मुंबईच्या हिशेबात. कल्याण-डोंबिवलीचा कोड ०२५१, तो कारभार निराळा. पण दोन्हीकडे यलो पेजेसमधला नियम एकच, वर्णानुक्रम. मग प्लंबरचं नाव ‘ए-वन’ आणि ट्रॅव्हल्सचं ‘आकाश’ असण्यात फायदा होताच. १९९४ साली जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी याहूची डिरेक्टरी सुरू केली तेव्हा तिच्यातही वर्गवारीखाली नावं वर्णानुक्रमेच लागत, त्यामुळे ‘ए-वन’वाल्याची युक्ती वेबवर जशीच्या तशी चालली.

डिसेंबर १९९५ मध्ये आल्टाव्हिस्टा आलं आणि माणसाने लावलेल्या यादीची जागा यंत्राने वाचलेल्या पानांनी घेतली. यंत्र शब्द मोजायचं. या धंद्याची जन्मकथा म्हणून एक किस्सा सांगतात: जेफरसन स्टारशिप या रॉक बँडची साइट शोधात कुठेतरी चौथ्या पानावर येत होती, मॅनेजर भडकला, आणि साइटवाल्यांनी काळ्या पार्श्वभूमीवर काळ्याच अक्षरांत बँडचं नाव पुन्हा पुन्हा लिहून टाकलं. किस्सा कितपत खरा ते ज्याचं त्याने ठरवावं. युक्ती मात्र खरी होती आणि पुढची काही वर्षं जगभर चालली. १९९८ मध्ये गूगल कंपनी उभी राहिली. पानावर शब्द किती यापेक्षा त्या पानाकडे बोट दाखवणारी दुसरी पानं किती आणि कशी, हे ते पाहू लागलं. धंद्याने पहिली कात टाकली ती तिथे.

या हकिकतीत आपण कुठे होतो? १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. थोड्याच वर्षांत ठाण्या-डोंबिवलीत सायबर कॅफे निघाले, मराठी साइटही निघाल्या. पण गूगलच्या लेखी त्या जवळपास नव्हत्याच, आणि याला कारण फाँट. त्या काळात मराठी अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षराला घातलेला मुखवटा असे. कृतिदेव फाँटमध्ये ‘मराठी’ टंकलं की पडद्यावर मराठी दिसायचं, पण फाइलच्या पोटात साठायचं ‘ई-जे-के-बी-एच’. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, प्रत्येकाचा मुखवटा वेगळा. वाचकाकडे तो फाँट नसला तर त्याला नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची, आणि यंत्राला तर कायमच तेवढीच दिसायची. छपाईसाठी ही सोय उत्तम होती. पत्रिका आणि हँडबिलं छापणाऱ्या डीटीपीवाल्यांकडे हे फाँट अजूनही चालतात. शोधाच्या दृष्टीने मात्र तो मजकूर नसल्यासारखाच.

वास्तविक युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ मध्येच, पहिल्या आवृत्तीत जागा मिळाली होती. पण ते घरच्या संगणकावर नीट दिसायला विंडोज एक्सपी आणि त्यातला मंगल फाँट यावा लागला. २००३ च्या १ मे रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, २००४ मध्ये मनोगत हे संकेतस्थळ आलं, आणि वृत्तपत्रांनीही पुढच्या काही वर्षांत आपापले फाँट सोडून युनिकोड धरलं. मराठी साइटला रँकिंग मिळवून देणारं सगळ्यात मोठं काम हेच होतं, आणि ते करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी स्वतःला एसईओवाले म्हणवलं असेल. गूगलच्या पेंग्विन-पांडा या फेरबदलांच्या गाजलेल्या तारखांपेक्षा फाँट, फोन आणि नकाशा या तीन गोष्टींनी इथला धंदा जास्त बदलला असं माझं मत आहे.

युनिकोड आल्याने सगळं सुरळीत झालं असंही नाही. ‘ॲक्युप्रेशर’मधला ‘ॲ’ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवत. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळ्या अक्षरमाळा.

मराठी दिसेना तोवर धंदा रोमन लिपीत चालला, आणि तिथे आडवं आलं ते डोंबिवलीचं स्पेलिंग. शेवट ‘व्हीएलआय’ की ‘व्हीएएलआय’ की ‘व्हीआयएलआय’? स्टेशनच्या पाटीवर एक, दुकानाच्या पाटीवर दुसरं. ठाण्याचं जुनं ‘टीएचएएनए’ही कागदोपत्री बरंच टिकलं. मग वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरांत सगळी स्पेलिंगं ओळीने लिहून ठेवायची; शिवाय मेटा कीवर्ड नावाच्या अदृश्य रकान्यातही कोंबायची. गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर सांगितलं की रँकिंगसाठी तो रकाना आम्ही बघतच नाही. तरी तो भरून देण्याचे पैसे नंतरही बरीच वर्षं बिलात लागत राहिले.

दरम्यान भारतात लिंका जोडण्याचा मोठा कारखाना उभा राहिला होता. परदेशातल्या छतदुरुस्तीवाल्यासाठी इथल्या पोरांनी शेकडो डिरेक्टऱ्यांत नोंदी करायच्या, एकच लेख शब्द फिरवून वीस ठिकाणी टाकायचा. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने पांडा आणून पोकळ लेखांवर गदा आणली, एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन आणून विकतच्या लिंकांवर. त्याच वर्षी ऑक्टोबरात नको असलेल्या लिंका नाकारण्याचं साधनही आलं. ज्यांनी लिंका जोडल्या त्यांनाच आता त्या शोधून काढून टाकण्याची कामं मिळू लागली. रोजगार बुडाला नाही, फक्त उलट्या दिशेने चालू लागला.

खरी उलथापालथ फोनने केली. २१ एप्रिल २०१५ पासून फोनवर नीट न दिसणारी पानं फोनवरच्या शोधात मागे पडू लागली. पुढच्या वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि लोकलच्या डब्यात एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने शोधणारी माणसं हाच मुख्य ग्राहक झाला. नंतर गूगलने पान मोजण्याची मापंही त्याच्याच बेताने ठेवली: मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा, आणि वाचता वाचता बटण सरकून भलत्याच जाहिरातीवर बोट पडू नये. दिवा स्टेशनच्या आसपास लोकलच्या गर्दीत उभं राहून ज्याने तिकिटाचं किंवा बँकेचं पान उघडलंय त्याला ही मापं कुणी समजावून सांगायची गरज नाही.

फोनबरोबर नकाशा आला, आणि ‘पहिलं पान’ या कल्पनेचं कंबरडं मोडलं. नकाशावरचा क्रम तीन गोष्टींवर ठरतो असं गूगल स्वतः सांगतं: शोधाशी जुळणं, अंतर आणि नावलौकिक. डोंबिवली पूर्वेला रामनगरातलं एखादं पोळी-भाजी केंद्र घ्या. मालक गल्ल्यावर बसून शोधतो, स्वतःचंच नाव पहिलं येतं, आणि त्याला वाटतं काम फत्ते. तोच शोध रूळ ओलांडून विष्णुनगरात उभं राहून केला की यादी निराळी. म्हणून हल्लीचा एसईओवाला गिऱ्हाइकाला एक चित्र दाखवतो. शहराच्या नकाशावर ठिपक्यांची जाळी, प्रत्येक ठिपक्यात आकडा: त्या जागेवरून शोधल्यास तुम्ही कितवे. दुकानाभोवती हिरवे एक-दोन, रुळांपलीकडे पिवळे सहा-सात, ठाकुर्लीकडे लाल सतरा-अठरा. बरं, पुलाचा जिना चढून पलीकडे जेवण आणायला कोण जातं? त्यामुळे ते लाल ठिपके हिरवे करून घेण्यासाठी पैसे मोजण्यात फारसा अर्थ नसतो, पण चित्र दिसायला झकास असतं आणि लाल रंग बघून गिऱ्हाईक घाबरतं.

या नकाशाने बऱ्याच छोट्या धंद्यांची वेबसाइट बनवण्याची गरजही संपवली. वेळ, फोटो, फोन नंबर, रिव्ह्यू सगळं गूगलच्याच पाटीवर. केंद्र दुपारी दोनला बंद होतं आणि पाटीवर ‘उघडं आहे’ दिसतं, तर शिव्या केंद्रालाच बसतात. वेळ दुरुस्त ठेवणं हेच तिथलं एसईओ, आणि ते मालकाला फुकटात करता येतं.

ज्यांनी वेबसाइट ठेवल्या त्यांच्यापुढे वेगळीच अडचण आली. साधं एचटीएमएल सोडून साइट जावास्क्रिप्टच्या चौकटींत बांधायची लाट आली. अशा पानाची मूळ फाइल उघडली तर आत जवळजवळ काहीच नसतं. ब्राउझरने कार्यक्रम चालवल्यावर मजकूर उमटतो. गूगलचा बॉट मे २०१९ पर्यंत क्रोमच्या ४१ व्या, म्हणजे २०१५ च्या आवृत्तीने पानं वाचत होता. नव्या पद्धतीने सजवलेल्या कित्येक साइट त्याला धड वाचताच येत नव्हत्या. मग तो अद्ययावत क्रोम वापरू लागला आणि सगळे निर्धास्त झाले. एवढ्यात एआय कंपन्यांचे बॉट आले, आणि त्यांतले बहुतेक जावास्क्रिप्ट चालवत नाहीत. परिणामी २००२ साली कुणी हाताने लिहिलेलं कंटाळवाणं पान त्यांना सहज कळतं आणि लाखभर रुपये खर्चून बांधलेलं चकचकीत पान कोरं दिसतं. जुन्या पद्धतीने काम करणाऱ्यांना याचा आनंद झाला नसेल तर नवल.

भाषेच्या बाबतीतही तंत्राने धंदा बदलला. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलचं बोलून टंकणं मराठीत आलं, डिसेंबर २०१९ मध्ये वाक्याचा अर्थ लावणारं बर्ट हे तंत्र मराठीसह सत्तरहून अधिक भाषांतल्या शोधाला लागू झालं. ‘ट्यूशन क्लास डोंबिवली ईस्ट’ असं तुटक टंकणारी माणसं ‘दहावीच्या गणितासाठी स्टेशनजवळ चांगला क्लास कुठे आहे’ असं आख्खं विचारू शकली. कीवर्डचा तक्ता बनवून देणाऱ्याचं काम त्यातून निम्मं झालं.

आणि आता उत्तरच वर येतं. भारतात ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने इंग्रजी-हिंदीत एआयची उत्तरं चाचणी म्हणून सुरू केली, ऑगस्ट २०२४ पासून ती सर्रास दिसू लागली. घोडबंदर रोडच्या सोसायटीत टाकीची साफसफाई किती दिवसांनी करावी असं कुणी विचारलं, तर चार साइटचा अर्क वर हजर. खालच्या निळ्या ओळींवर बोट कशाला जातंय? या उत्तरात आपलं नाव यावं म्हणून जीईओ, म्हणजे जनरेटिव्ह इंजिन ऑप्टिमायझेशन, नावाची नवी शाखा निघाली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रिन्स्टन, आयआयटी दिल्ली आणि इतर काही संस्थांतल्या संशोधकांनी तिच्यावर निबंध लिहिला. त्यांना असं दिसलं की आकडे, अवतरणं आणि आधार दिलेला मजकूर एआयच्या उत्तरांत जास्त घेतला जातो. तेच तेच शब्द कोंबून काही मिळत नाही. काळ्यावर काळं लिहिणाऱ्यांची विद्या इथे चालत नाही.

पंचाईत आहे ती गिऱ्हाइकाला द्यायच्या महिन्याच्या रिपोर्टची. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये एआयच्या उत्तरात दिसणं आणि नेहमीच्या यादीत दिसणं एकाच बेरजेत येतं, वेगळं काढता येत नाही. पडद्यावर दिसल्याचा आकडा चढतो, क्लिकचा उतरतो, आणि क्लासवाले सर विचारतात, ‘अरे, मग प्रवेश वाढले की कमी झाले?’ म्हणून पहिलं पान विकणाऱ्या त्या पोराने आता रिपोर्टला एक रकाना जोडलाय: चॅटजीपीटीला अमुक प्रश्न विचारला, आपलं नाव आलं की नाही. सकाळी विचारलं तर येतं, तोच प्रश्न दुपारी विचारला तर शेजारच्या क्लासचं येतं. त्यावर त्याने काढलेला उपाय असा की स्क्रीनशॉट सकाळचाच लावायचा.