शिवपुरीच्या रानवाटा

ग्वाल्हेरच्या शिंदे दरबाराचा इतिहास लिहिताना किल्ले, लढाया, तह आणि छत्र्या यांचे वर्णन पुष्कळ झाले आहे. दरबाराने रानात आखलेल्या वाटांकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. मार्च 2025 मध्ये शिवपुरीचे माधव राष्ट्रीय उद्यान देशातील 58 वा व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. त्यामुळे पर्यटकांची वाहने या रानातून कोठून जावीत, कोठे थांबावीत आणि कोठे मुळीच जाऊ नयेत, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला आहे. त्याचे उत्तर शोधताना शंभर वर्षांमागे जावे लागते, असे आम्हांस वाटते.

शिवपुरीचे जुने नाव सिप्री. उन्हाळ्यात लष्कर तापू लागले की दरबाराचा मुक्काम येथे हलत असे. 1899 मध्ये ग्वाल्हेर ते शिवपुरी ही अरुंद रुळांची रेल्वे सुरू झाली आणि हे रान राजधानीच्या आवाक्यात आले. माधवराव महाराजांनी या भागाला जो आकार दिला तो आजही टिकून आहे. मातोश्री सख्याराजे यांच्या नावाचा सख्यासागर 1918 मध्ये मनियर नदीच्या पाण्यावर निर्माण झाला. रानातील उंच जागी जॉर्ज कॅसल उभा राहिला. तलावाच्या काठी शूटिंग बॉक्स बांधले गेले. महाराजांना शिकारीचा नुसता शौक नव्हता, त्यांनी तिचे शास्त्रही मांडले. वाघाच्या शिकारीवर त्यांनी इंग्रजीत मार्गदर्शक पुस्तक लिहिले.

शिकारीच्या वाटेचे गणित सरळ होते. पाहुण्याला कमीत कमी चालावे लागावे, वारा त्याच्याकडून जनावराकडे जाऊ नये आणि हाका उठला की वाघ नेमका बंदुकीसमोर यावा. करधई, खैर आणि धावडा यांचे हे कोरडे पानझडी रान चैत्रापासूनच तहानलेले असते. ओढे आटतात आणि जनावर उरलेल्या पाण्यावर येते. साहजिकच शिकारीच्या वाटा पाण्याकडे वळल्या. हाका घालण्यास आसपासच्या खेड्यांतील माणसे लागत. त्यांची नावे कोठे नोंदलेली नाहीत. मारलेल्या वाघासोबत काढलेल्या छायाचित्रांत पाहुणा असतो, हाकेवाला क्वचितच.

1956 मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशभर शिकारीला पायबंद बसला. बंदूक गेली, पण वाटा राहिल्या. शासकीय सेवेत आम्ही वारंवार पाहिले आहे की एकदा नकाशावर उमटलेला रस्ता सहसा पुसला जात नाही. त्याची दुरुस्ती होते, रुंदीकरण होते, पण तो तेथे का आहे हे कोणी विचारत नाही. येथेही तेच झाले. शिकाऱ्यासाठी आखलेल्या वाटेवर पर्यटकाची जीप आली. बंदूक घेऊन पाहुणा जेथे बसे, तेथे आता कॅमेरा घेऊन पर्यटक बसतो. जनावराच्या दृष्टीने पाण्याच्या काठी माणसाची वर्दळ आहेच.

दरम्यान 1970 च्या सुमारास येथील वाघ नाहीसा झाला. सुमारे अर्धशतकानंतर, 10 मार्च 2023 रोजी, तो या रानात पुन्हा आणून सोडला गेला. परत आणलेले जनावर येथे टिकेलच असे नाही, याचा धडाही याच भूमीने दिला आहे. माधवरावांनी आफ्रिकेतून सिंह आणवून या भागातील रानात सोडले होते. ते गुरांवर आणि माणसांवर तुटून पडू लागले आणि तो प्रयोग फसला. जनावर सोडणे ही केवळ सुरुवात असते. त्याला निवांत पाणी, पुरेसे भक्ष्य आणि माणसापासून अंतर मिळाले तरच ते राहते.

म्हणून वाटांची आखणी हा केवळ पर्यटन खात्याचा विषय नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या 2012 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गाभाक्षेत्राच्या 20 टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनासाठी वापरता येत नाही. येथील गाभाक्षेत्र सुमारे 375 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे पर्यटकांच्या वाट्याला फार तर 75 चौरस किलोमीटर येतात. शिवाय मुंबई-आग्रा महामार्गाची रहदारी या रानाला आधीच छेदून जाते. एवढ्या मर्यादेत जुन्या वाटा जशाच्या तशा चालू ठेवल्या तर सगळी गर्दी पाण्याभोवती गोळा होईल. त्यापेक्षा वाटेने तलावाला एक-दोन ठरावीक ठिकाणी स्पर्श करावा आणि लगेच दूर व्हावे. काठाकाठाने जाणारा रस्ता काही ठिकाणी मोडून रानाला परत द्यावा. सख्यासागर 2022 पासून रामसर यादीतील पाणथळ स्थळ आहे. त्याच्या मगरी आणि हिवाळी पाखरे यांनाही तेवढी मोकळीक हवी.

गाभ्याभोवती सुमारे 1276 चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र आहे. काही वाटा तेथून, गावांच्या जवळून जाव्यात आणि वाटाड्या त्या गावचाच असावा. सहरिया आदिवासींना हे रान ज्ञात आहे. शेजारच्या कुनोत 1998 ते 2003 या काळात 24 गावे हलविली गेली, त्यांत बहुसंख्य सहरियाच होते. ती गावे सिंहांसाठी उठली, पण 2022 मध्ये तेथे आले ते चित्ते. ज्यांनी रान सोडले, त्यांना रान दाखविण्याच्या उत्पन्नात प्रथम हक्क असावा, यात उपकाराचा प्रश्न नाही.

आपल्या घराण्यांतील पुष्कळांचे पूर्वज दरबाराच्या चाकरीत होते. शिवपुरीच्या छत्र्या पाहताना किंवा 18 एप्रिल 1859 रोजी तात्या टोपे यांना जेथे फाशी दिले गेले त्या गावात उभे राहताना आपला ऊर भरून येतो. तो अभिमान खराच आहे. पण दरबाराच्या वैभवात अनाम हाकेवाल्यांचे श्रमही होते, हे विसरून चालणार नाही. नव्या रानवाटेवर वाटाड्याच्या जागी त्यांचा नातू बसला, तर त्या इतिहासातील एक जुने देणे थोडेतरी फिटेल.