कालवांची शेती आणि आमची नदी

अंबरनाथच्या उर्दू शाळेत आम्ही इतिहास-भूगोल शिकवतो. ‘कालवे’ म्हटलं की मुलांना शेतात जाणारं पाटाचं पाणी आठवतं. समुद्रातलं कालव त्यांनी पाहिलेलं नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही शहरं समुद्रापासून दूर. परंतु उल्हास नदी बदलापूरवरून कल्याणकडे जाते आणि वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. म्हणून कालवांचा इतिहास आमचाही आहे.

ओहोटीला खडकावरची कालवं फोडून काढणं हे कोकणातल्या बायकांचं जुनं काम. लागवड मात्र अलीकडची. 1970 च्या दशकात केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने तुतिकोरिनला तिचे प्रयोग केले. रिकाम्या शिंपल्यांच्या माळा खाडीत टांगायच्या. त्यांना पिल्लं चिकटतात नि वाढतात. 2012 नंतर सिंधुदुर्गातल्या महिला बचत गटांनी ही शेती केली. 2017 मध्ये राज्य शासनाच्या कांदळवन उपजीविका योजनेत तिचा समावेश झाला. या शेतीला खाद्य घालावं लागत नाही. कालव पाणी गाळून पोट भरतं.

हीच त्याची खुबी आणि हीच आफत. पाण्यातले जंतू नि जड धातूही त्याच्या अंगात साठतात. जपानच्या मिनामाता उपसागरात कारखान्याचा पारा मासे-शिंपल्यांतून माणसांच्या शरीरात गेला. 1956 मध्ये तो आजार उघडकीस आला.

आमची वालधुनी अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहते आणि उल्हासनगर ओलांडून कल्याणजवळ उल्हासला मिळते. 1949 मध्ये निर्वासितांचं उल्हासनगर उभं राहिलं. परिसरात कारखाने वाढले, रोजगार मिळाला, पण नदीचा नाला झाला. 2014 मध्ये तिच्यात ओतलेल्या रसायनामुळे शेकडो रहिवाशांना श्वासाचा त्रास झाला. जीन्स धुलाईचं रंगीत पाणीही तिच्यातच जाई. पुढे न्यायालयाच्या आदेशानंतर धुलाईचे बरेच कारखाने बंद झाले, तेव्हा आमच्या काही विद्यार्थ्यांच्या वालिदांची रोजी गेली. त्या घरांची चूल विसरून नदीची कैफियत मांडणं आम्हाला जमत नाही.

शाफई कोकणी घरांत कालवं शिजतात, हनफी घरांत शिजत नाहीत. आमच्या वर्गात दोन्ही घरची मुलं आहेत. मसलक वेगळे, पाणी एकच. वसईच्या खाडीतलं कालव निर्धास्तपणे ताटात यायचं असेल, तर कामाची सुरुवात वालधुनीच्या काठी करावी लागेल. सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च कारखान्याच्या मालकाने आणि नगर प्रशासनाने उचलावा. तो मजुराच्या रोजीतून वसूल होऊ नये.