बहिरे खाँसाहेबांचा षड्ज

१९८० साली 'फोर्थ वर्ल्ड, व्हॉल्यूम वन : पॉसिबल म्युझिक्स' नावाची एक तबकडी निघाली. ट्रम्पेट अमेरिकेच्या जॉन हॅसलचे, सोबत इंग्लंडचा ब्रायन ईनो. ट्रम्पेट म्हटले की आपल्याला वरातीतला बँड आठवतो. हे ट्रम्पेट तसे नाही. एखादा गवई डोळे मिटून मींड घेत असावा, तसे ते एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घरंगळत जाते. विजेच्या यंत्रातून गेल्यामुळे एका सुराचे अनेक सूर होतात, आणि खाली सेनेगलचा ऐब दियेंग चक्क घटम वाजवतो. जगभरच्या लोकसंगीताचे रंग आणि नवे इलेक्ट्रॉनिक तंत्र यांच्या मिलाफाला हॅसलने 'चौथे जग' असे नाव दिले होते. त्यातली मींड मात्र त्याने किराणा घराण्याकडून घेतली होती, आणि हे तो स्वतः सांगत असे.

किराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ महाराष्ट्राला सांगायला नकोत. १९३७ साली त्यांचा इंतकाल झाला आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात त्यांना दफन केले गेले. त्यांचे भाऊबंद अब्दुल वहीद खाँ यांची आठवण मात्र जाणकारांपुरतीच उरली. ऐकू कमी येई म्हणून लोक त्यांना 'बहिरे' म्हणत. हिराबाई बडोदेकर त्यांच्याकडे शिकल्या. अमीर खाँसाहेबांच्या अतिविलंबित गायकीवर त्यांचीच छाप. ख्यालाची लय त्यांनी इतकी संथ केली, की एकेका सुरावर मुक्काम व्हावा. ज्याला बाहेरचे कमी ऐकू येते त्याला आतले जास्त ऐकू येत असावे, असे आपले मला वाटते. १९४९ साली ते गेले. मागे राहिली ती रेडिओवरची मोजकी ध्वनिमुद्रणे.

लाहोरच्या एका हिंदू घरातला प्राणनाथ नावाचा मुलगा गाण्यासाठी घर सोडून या खाँसाहेबांच्या दारी आला. शागिर्दी म्हणजे आधी घरची कामे, मग तालीम. पुढे पंडित प्राणनाथ झालेला हा मुलगा १९७० साली न्यूयॉर्कला पोहोचला. तिथे ला माँट यंग आणि टेरी रायली हे संगीतकार आधीपासूनच लांब, न बदलणाऱ्या सुरांचे प्रयोग करीत होते. तानपुऱ्याच्या गुंजारवात त्यांना आपल्याच प्रश्नाचे उत्तर सापडले आणि दोघांनीही नामवंतपण बाजूला ठेवून प्राणनाथांचे शिष्यत्व पत्करले. हॅसल त्यांच्याच वर्तुळातला. जर्मनीत स्टॉकहाउझेनकडे शिकून आलेला हा माणूस प्राणनाथांसमोर नव्याने सा लावायला बसला. गळ्यातली मींड ओठांच्या जोरावर ट्रम्पेटमधून काढायला त्याला वर्षे लागली. पितळी नळीला, तीही पडद्यांच्या वाद्याला, मींड शिकवणे हे काम सोपे नव्हे.

इकडे ईनोचा रस्ता वेगळा होता. १९७८ च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'पासून त्याने 'अँबियंट' हे नाव रूढ केले. हे संगीत लक्ष देऊन ऐकावे किंवा उदबत्तीच्या वासासारखे खोलीत नुसते असू द्यावे, दोन्ही चालते. खाँसाहेबांना हे दुसरे पटले असते का? मला शंका आहे.

हॅसल आणि ईनो यांच्या गप्पांत डेव्हिड बर्नही सामील झाला आणि एका सामायिक तबकडीचा बेत ठरला. प्रत्यक्षात १९८१ साली 'माय लाइफ इन द बुश ऑफ घोस्ट्स' निघाली ती ईनो आणि बर्न या दोघांच्याच नावाने. आपल्या कल्पना परस्पर वापरल्या गेल्या, अशी हॅसलची तक्रार होती. या तबकडीत गाणारा गायक कोणी नाही. रेडिओवरचे धर्मोपदेशक आणि दूरदेशीच्या तबकड्यांवरचे गळे टेपवर घेऊन नव्या ठेक्यांवर बसवलेले आहेत. लेबनॉनच्या डोंगराळ भागातल्या एका गायिकेचा आवाज दोन तुकड्यांत येतो. तिचे नाव दुनिया यूनिस. श्रेयनामावलीत ते चुकीचे, 'यूसिन' असे छापले गेले.

आणखी एका तुकड्याचे नाव होते 'कुराण'. त्यात अल्जीरियातल्या मुसलमानांची तिलावत, आणि खाली गिटार व ढोल. पठण करणाऱ्यांची नावे नाहीत; 'अल्जीरियन मुस्लिम' एवढीच नोंद. तिलावतीत सूर असतो, तजवीदचे काटेकोर नियम असतात, श्वास कुठे थांबवायचा तेही ठरलेले असते. पण तिला गाणे म्हणत नाहीत आणि तिच्याखाली वाद्य वाजवत नाहीत. हे आपल्याकडे मदरशातल्या पोरालाही ठाऊक असते. इंग्लंडमधल्या एका इस्लामी संस्थेने हरकत घेतली. ईनो आणि बर्न यांनी वाद घातला नाही. पुढच्या आवृत्तीत तो तुकडा काढून 'व्हेरी, व्हेरी हंग्री' हा दुसरा घातला.

काहींना ही कलेची गळचेपी वाटते. मला या कामात निर्मात्यांचा द्वेष कुठेच दिसत नाही. उलट त्या आवाजाने ते भारावलेलेच दिसतात. पण एकाने त्या स्वरासाठी गुरूच्या पायाशी वर्षे घालवली, इतरांनी तबकडीवरून आवाज उचलला. पहिल्या ठिकाणी खाँसाहेबांपर्यंतची सनद शाबूत राहिली, दुसऱ्या ठिकाणी माणसाचे नाव गेले आणि नुसता गळा उरला. टेप कापणे हीही कारागिरीच, हे मान्य करूनही मला यातला फरक लहान वाटत नाही.

प्राणनाथ १९९६ मध्ये अमेरिकेत वारले, हॅसल २०२१ मध्ये. 'बुश ऑफ घोस्ट्स' २००६ साली आणखी काही तुकडे जोडून पुन्हा निघाली. 'कुराण' तिच्यातही परत आलेले नाही.