कॉम्पॅक्ट एसयूव्ही (भारत)

कॉम्पॅक्ट एसयूव्ही हा भारतातील प्रवासी मोटारींचा एक वर्ग आहे. साधारणतः चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, उंच बांध्याच्या, जमिनीपासून बऱ्याच वर असलेल्या आणि पाच आसनांच्या मोटारींना हे नाव दिले जाते. 'एसयूव्ही' हे 'स्पोर्ट युटिलिटी व्हेइकल' या नावाचे लघुरूप आहे. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'कॉम्पॅक्ट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एसयूव्ही याहून मोठ्या असतात. भारतात ज्यांना कॉम्पॅक्ट म्हणतात त्यांना इतरत्र 'सब-कॉम्पॅक्ट' म्हटले जाते. या वर्गाची चार मीटरची मर्यादा रस्त्यांच्या गरजेतून आलेली नसून करआकारणीच्या नियमातून आलेली आहे. रोजच्या वापराची कौटुंबिक गाडी म्हणून हा वर्ग एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून लोकप्रिय झाला. टाटा पंच ही या घडणीची छोटी गाडी २०२४ या वर्षात भारतात सर्वाधिक विकली गेलेली मोटार ठरली.

## व्याख्या आणि रचना

जुन्या पद्धतीच्या जीपवर्गीय गाड्यांमध्ये भक्कम लोखंडी चौकटीवर (चासीवर) वेगळा सांगाडा बसवलेला असतो. बहुतेक कॉम्पॅक्ट एसयूव्हींची रचना मात्र सामान्य मोटारींप्रमाणे 'मोनोकॉक' म्हणजे एकसंध असते. त्यामुळे त्या वजनाने हलक्या, चालवण्यास सुकर आणि आतून ऐसपैस असतात. इंजिनाची शक्ती बहुधा केवळ पुढच्या दोन चाकांना मिळते. चारही चाकांना शक्ती देणारी व्यवस्था (फोर बाय फोर) या लांबीत महिंद्रा थार, मारुती सुझुकी जिम्नी अशा मोजक्याच गाड्यांमध्ये आढळते. म्हणजेच 'एसयूव्ही' या नावामुळे गाडी चिखलात किंवा डोंगरउतारावर चालण्यास विशेष सक्षम असते, असे मानता येत नाही.

## करआकारणी आणि चार मीटरची मर्यादा

२००६-०७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरील अबकारी शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणण्यात आले. त्यासाठी गाडीची लांबी ४,००० मिलिमीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० घन सेंटिमीटरपर्यंत (सीसी) किंवा डिझेल इंजिन १,५०० सीसीपर्यंत असावे, अशा अटी होत्या. वस्तू व सेवा कर (जीएसटी) १ जुलै २०१७ रोजी लागू झाला तेव्हाही हीच विभागणी कायम राहिली. या मर्यादेतील पेट्रोल गाड्यांवर उपकरासह २९ टक्के आणि डिझेल गाड्यांवर ३१ टक्के कर होता. मोठ्या एसयूव्हींवर तो सप्टेंबर २०१७ पासून ५० टक्के झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर रद्द होऊन छोट्या गाड्यांसाठी १८ टक्के व मोठ्या गाड्यांसाठी ४० टक्के असे दोनच दर राहिले. विजेवर चालणाऱ्या गाड्यांवर ५ टक्के कर आहे.

या फरकाचा परिणाम उदाहरणाने स्पष्ट होतो. करपूर्व किंमत ६ लाख रुपये असलेली गाडी १८ टक्के करासह ७ लाख ८ हजार रुपयांना, तर ४० टक्के करासह ८ लाख ४० हजार रुपयांना पडते. १ लाख ३२ हजारांचा हा फरक केवळ वर्गीकरणाचा असतो. लांबी आणि इंजिन या दोन्ही अटी पूर्ण होणे आवश्यक असते. मारुती सुझुकी ब्रेझाची लांबी ३,९९५ मिलिमीटर असली तरी तिचे पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचे असल्याने ती वरच्या दरात येते. याच कारणाने अनेक उत्पादक १ ते १.२ लिटरची, पण टर्बोचार्जर जोडलेली पेट्रोल इंजिने वापरतात.

## इतिहास आणि महाराष्ट्रातील उत्पादन

पद्मिनी मोटारीसाठी प्रसिद्ध असलेल्या प्रीमियर कंपनीने २००९ मध्ये चिंचवड येथील कारखान्यातून 'रिओ' ही छोटी एसयूव्ही बाजारात आणली. ती फारशी खपली नाही. मात्र चार मीटरच्या आतील एसयूव्हीचा तो आरंभीचा प्रयत्न होता. २०१२ मध्ये महिंद्राने झायलो या मोठ्या गाडीची लांबी कमी करून 'क्वांटो' तयार केली. जून २०१३ मध्ये आलेल्या फोर्ड इकोस्पोर्टमुळे या वर्गाला मोठी मागणी असल्याचे दिसून आले. मार्च २०१६ मध्ये मारुती सुझुकीची विटारा ब्रेझा आणि सप्टेंबर २०१७ मध्ये टाटा नेक्सॉन आल्यावर हा वर्ग सर्वसामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचला.

महाराष्ट्रात उत्पादित झालेल्या या आकाराच्या काही गाड्या पुढीलप्रमाणे :

| गाडी | उत्पादक | वर्ष | उत्पादनस्थळ |
|---|---|---|---|
| रिओ | प्रीमियर | २००९ | चिंचवड |
| टीयूव्ही ३०० | महिंद्रा | २०१५ | चाकण |
| नेक्सॉन | टाटा मोटर्स | २०१७ | रांजणगाव |
| एक्सयूव्ही ३०० | महिंद्रा | २०१९ | नाशिक |
| पंच | टाटा मोटर्स | २०२१ | पुणे जिल्हा |
| कायलॅक | स्कोडा | २०२४ | चाकण |
| व्हेन्यू (दुसरी पिढी) | ह्युंदाई | २०२५ | तळेगाव |

महिंद्रा एक्सयूव्ही ३०० ची सुधारित आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये 'एक्सयूव्ही ३एक्सओ' या नावाने आली.

## पेण–रोहा परिसरातील वापर

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या तालुक्यांत या वर्गाच्या गाडीचे गुण आणि मर्यादा दोन्ही कसाला लागतात. पेण शहर मुंबई–गोवा महामार्गावर (राष्ट्रीय महामार्ग ६६) आहे. रोहा शहर महामार्गापासून आत, कुंडलिका नदीकाठी वसले असून तेथे कोलाडहून किंवा नागोठण्याहून भिसे खिंडीमार्गे जाता येते. महामार्गाच्या पळस्पे–इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि दीर्घकाळ रेंगाळले. खड्डे, अर्धवट पूल आणि वळणरस्ते यांतून या भागातील कुटुंबांना वर्षानुवर्षे प्रवास करावा लागला. जमिनीपासून उंच असलेल्या गाडीकडे ओढा निर्माण होण्यास ही पार्श्वभूमी कारणीभूत आहे. गणेशोत्सवाच्या काळात चाकरमान्यांच्या गाड्यांमुळे, तर वडखळ–डोलवी आणि धाटाव औद्योगिक परिसरात अवजड वाहनांमुळे रस्त्यांवर ताण असतो.

पावसाळ्यात अंबा आणि कुंडलिका या नद्यांना पूर येतो व सखल रस्त्यांवर पाणी साचते. पेणच्या पश्चिमेकडील धरमतर खाडीलगतचा खारेपाट आणि रोह्याच्या पश्चिमेकडील कुंडलिकेच्या खाडीचा भाग येथील खारट, दमट हवेमुळे गाडीच्या खालच्या पत्र्यास गंज लवकर लागतो. त्यामुळे पावसाळा संपल्यावर गाडीचा तळ धुणे आणि गंजरोधक लेप तपासणे ही येथील देखभालीची आवश्यक बाब ठरते.

रस्त्याची रुंदी हा दुसरा प्रश्न आहे. मारुती ८०० ही गाडी १,४४० मिलिमीटर रुंद होती. टाटा नेक्सॉनची रुंदी १,८०४ मिलिमीटर आहे व बाजूचे आरसे धरल्यास ती आणखी वाढते. पेणमधील गणेशमूर्तींच्या कार्यशाळा असलेल्या जुन्या आळ्या किंवा रोह्याची बाजारपेठ अशा ठिकाणी समोरून रिक्षा आल्यास हा फरक लगेच जाणवतो. लांबी चार मीटरच्या आत राहिली तरी रुंदीवर कराची मर्यादा नसल्याने गाड्या रुंदीला वाढत गेल्या आहेत. घरासमोरील जागा आणि फाटकाची रुंदी मोजणे म्हणूनच आवश्यक ठरते.

## कौटुंबिक गाडी म्हणून निवडीचे निकष

### जमिनीपासूनची उंची

गाडीचा सर्वांत खालचा भाग आणि जमीन यांतील अंतरास 'ग्राउंड क्लिअरन्स' म्हणतात. या वर्गात ते साधारणतः १८० ते २१० मिलिमीटर असते. जाहिरातीतील आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसे आणि सामान भरल्यावर स्प्रिंग दबून हे अंतर कमी होते. खड्डे व गतिरोधक यांसाठी ही उंची उपयुक्त असली तरी साचलेल्या पाण्यात तिला मर्यादा आहेत. हवा आत घेणाऱ्या नळीतून पाणी इंजिनात शिरल्यास इंजिन बंद पडते. अशा वेळी पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न केल्यास आतील दांडे वाकून मोठे नुकसान होते. नेहमीच्या सर्वसमावेशक विम्यात हे नुकसान सामान्यतः धरले जात नाही. त्यासाठी 'इंजिन संरक्षण' हे जोडकलम घ्यावे लागते.

### सुरक्षितता

उंच गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, हा समज बरोबर नाही. उंचीमुळे गुरुत्वमध्य वर जातो आणि वेगात एकाएकी वळण घेतल्यास गाडी कलंडण्याची शक्यता वाढते. त्यामुळे घसरण रोखणारी 'इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल' ही यंत्रणा या वर्गात विशेष महत्त्वाची आहे. कर्नाळा व सुकेळी खिंडीतील ओल्या वळणांवर, तसेच कोलाडहून पुण्याकडे जाणाऱ्या ताम्हिणी घाटात तिचा उपयोग होतो.

डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉन ही ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय बनावटीची गाडी ठरली. जानेवारी २०२० मध्ये महिंद्रा एक्सयूव्ही ३०० लाही पाच तारे मिळाले. १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही देशांतर्गत मूल्यांकन योजना सुरू झाली. तीत ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरून होणाऱ्या धडकेची आणि ताशी ५० किलोमीटर वेगाने बाजूने होणाऱ्या धडकेची चाचणी घेतली जाते. प्रौढ व बालप्रवासी यांचे गुण स्वतंत्र दिले जातात. ही योजना ऐच्छिक आहे.

तारे मिळालेल्या गाडीतही पट्टा न लावणाऱ्या प्रवाशाचे संरक्षण होत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. त्यानंतर मागच्या आसनावरील पट्ट्याचा प्रश्न देशभर चर्चेत आला. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागील प्रवाशांनाही पट्टा बांधणे बंधनकारक आहे. मागे मध्यभागी बसणाऱ्यासाठी तीन टोकांचा पट्टा आहे का आणि लहान मुलांचे आसन जोडण्यासाठी 'आयसोफिक्स' हे खटके आहेत का, या दोन बाबी कुटुंबाच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठरतात.

### आसने आणि सामान

या गाड्यांत पाच जण बसू शकत असले तरी मागे तीन प्रौढांना लांबचा प्रवास अडचणीचा होतो. आजी-आजोबांसह सहा-सात जणांच्या कुटुंबास चार मीटरच्या आतच सात आसने देणारी महिंद्रा बोलेरो किंवा रेनो ट्रायबर, अथवा अधिक लांबीची मारुती सुझुकी अर्टिगा अधिक सोयीची असते. गुडघेदुखी असणाऱ्यांना फार खाली नसलेल्या आसनावर बसणे-उठणे सोपे जाते. परंतु पाऊल ठेवण्याची जागा जास्त उंच असल्यास हा लाभ उरत नाही. डिकीत स्टेपनी आहे की केवळ पंक्चर दुरुस्तीचा संच आहे, हेही पाहावे लागते. २०२० मधील नियमबदलानुसार टायरमधील हवेचा दाब दर्शवणारी यंत्रणा व दुरुस्ती संच असल्यास स्टेपनीची सक्ती नाही. मात्र धारदार खड्ड्यात टायर फाटल्यास या संचाचा उपयोग होत नाही.

### इंधन

* पेट्रोल : खरेदीची किंमत तुलनेने कमी, गावातल्या गावात थोडे अंतर चालणाऱ्या गाडीस सोयीचे.
* सीएनजी : धावण्याचा खर्च कमी. रायगड जिल्ह्यात महानगर गॅस लिमिटेड पुरवठा करते. टाकीमुळे डिकीतील जागा घटते. टाटाने पंच आणि नेक्सॉनमध्ये दोन लहान टाक्या तळाशी बसवून ही अडचण कमी केली आहे.
* डिझेल : रोज लांब अंतर कापणाऱ्यांस उपयुक्त. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांमुळे धुरातील काजळी अडवणारी गाळणी आवश्यक झाली. ती स्वच्छ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगाने धावावी लागते. केवळ छोट्या फेऱ्या केल्यास गाळणी तुंबते.
* वीज : घरी स्वतंत्र जोडणी व सुरक्षित जागा असल्यास रोजच्या ठरावीक प्रवासास किफायतशीर. नेक्सॉनची विद्युत आवृत्ती जानेवारी २०२० मध्ये आली.

### नोंदणी आणि एकूण खर्च

रायगड जिल्ह्याचे परिवहन कार्यालय पेण येथे असून पेण व रोह्यातील गाड्यांना 'एमएच-०६' हा क्रम मिळतो. महाराष्ट्रात खासगी मोटारीवर किमतीच्या प्रमाणात एकरकमी वाहनकर घेतला जातो. १० लाख रुपयांपर्यंतच्या गाडीस तो पेट्रोलसाठी ११ टक्के व डिझेलसाठी १३ टक्के आहे. त्यात विम्याची भर पडते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे शोरूममधील किंमत आणि प्रत्यक्ष रस्त्यावर येईपर्यंतची किंमत यांत मोठी तफावत असते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. या कालावधीतील इंधन, टायर, दुरुस्ती, विमा आणि कर्जावरील व्याज यांची बेरीज केल्यासच खरा खर्च कळतो. अधिकृत सेवा केंद्र किती दूर आहे, हाही त्याच हिशेबाचा भाग आहे.

## मर्यादा आणि टीका

समान इंजिनाच्या हॅचबॅक गाडीपेक्षा कॉम्पॅक्ट एसयूव्ही अधिक वजनदार असते, हवेचा विरोध अधिक घेते आणि त्यामुळे जास्त इंधन वापरते. उंच बॉनेटमुळे गाडीच्या अगदी पुढे असलेले लहान मूल चालकास दिसत नाही. करसवलतीसाठी मागचा भाग आखडता घेतल्याने काही गाड्यांच्या डिकीची खोली कमी झाली आहे. पेण आणि रोहा ही दोन्ही स्थानके पनवेल–रोहा लोहमार्गावर आहेत. शिवाय एस.टी. व मिनीडोर यांची सोय असल्याने ठरावीक वेळी एकट्याने नोकरीस जाणाऱ्याला रोज मोटार वापरणे अनेकदा महाग पडते. ज्या कुटुंबाचा बहुतांश प्रवास चांगल्या रस्त्यावर व दोघा-तिघांचा असतो, त्यांची गरज साध्या हॅचबॅकनेही भागू शकते. वर्षातून एकदा होणाऱ्या सहलीऐवजी रोजचा रस्ता, रोजची माणसे आणि रोजचे अंतर हा निवडीचा आधार मानल्यास निर्णय अधिक योग्य ठरतो.

## हे सुद्धा पहा

* राष्ट्रीय महामार्ग ६६
* भारत एनकॅप
* वस्तू व सेवा कर
* पेण तालुका
* रोहा तालुका