ऐकणाऱ्या कानाचा भार

लहानपणी आमच्या वडिलांच्या सायकलला डायनमो होता. अंधार पडला की ते तो चाकाला टेकवीत. समोर पिवळा उजेड पडे, पण त्याच क्षणी पायडल जड होई. उजेडाची किंमत चाकाला मोजावी लागते, हा धडा मी वर्गात शिकवण्याच्या पुष्कळ आधी शिकलो. परवा विज्ञानाच्या इतिहासातील एक लहानशी हकीकत वाचताना तो डायनमो आठवला.

१९४५ च्या अखेरीस अमेरिकेत हार्वर्ड येथे पर्सेल, टॉरी आणि पाउंड यांनी पॅराफिनच्या मेणातून, आणि लगोलग १९४६ च्या आरंभी स्टॅनफर्डला ब्लॉख, हॅन्सन आणि पॅकार्ड यांनी पाण्यातून, हायड्रोजनच्या अणुकेंद्रांची चाहूल घेतली. हे केंद्र म्हणजे इवलासा चुंबकच. मोठ्या चुंबकाच्या क्षेत्रात अशी असंख्य केंद्रे मिळून त्या क्षेत्राच्या रोखाने किंचित झुकतात. रेडिओलहरीचा नेमका ठोका बसला की हा झुकाव आडवा होऊन भोवऱ्यासारखा फिरू लागतो, आणि भोवतीच्या तारेच्या वेटोळ्यात क्षीण प्रवाह उमटतो. ते वेटोळे हाच संशोधकाचा कान. ब्लॉख व पर्सेल यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते या क्षेत्रातील कामगिरीबद्दलच.

कान नुसता ऐकतो, असे आपण समजतो. १९४९ साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील जी. सूर्यन यांनी ‘करंट सायन्स’ या तिथल्याच नियतकालिकात एक छोटे टिपण लिहून ही समजूत हलवली. वेटोळ्यात उमटलेला प्रवाह स्वतःचे चुंबकी क्षेत्र निर्माण करतो, आणि ते उलट त्या केंद्रांनाच मूळ रोखाकडे खेचते. डायनमोने चाक जड करावे, तसेच हे. याला प्रारण-अवमंदन म्हणतात. नाव थोडे फसवे आहे; कारण ऊर्जा अवकाशात उधळली जात नाही, वेटोळ्याच्या तारेत जिरते. पुढे १९५४ मध्ये ब्लोम्बर्गेन व पाउंड यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये त्याचे सविस्तर गणित मांडले.

चुंबक जसजसे बलवान आणि कान जसजसे तिखट झाले, तसतसा हा भार वाढला. शुद्ध पाण्यातील केंद्रांना आपण होऊन मूळ स्थितीला यायला दोन-तीन सेकंद लागतात. चांगले वेटोळे त्यांना सेकंदाच्या काही शतांशांत ओढून आणते. २००० साली तर प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवले की, हे अवमंदन आणि केंद्रांचे परस्परांवरील दूरचे चुंबकी ओढे एकत्र आले, की साध्या पाण्यातील केंद्रांची चाल अंदाजाबाहेर बेबंद होऊ शकते.

सूर्यन यांच्यावर अन्याय झाला, असा गळा काढण्याचे कारण नाही. या विषयावर लिहिणारे आजही पहिला उल्लेख त्यांच्या टिपणाचाच करतात. पण त्यांचे नाव आमच्या मुलांना ठाऊक नसावे, याची रुखरुख मात्र वाटते. आणि त्यात दोष आम्हां शिकवणाऱ्यांचाच.

या भारावर एक उपाय संशोधक करतात, तो मला फार आवडला. वेटोळ्याचा मेळ ते मुद्दाम थोडा बिघडवतात, म्हणजे कान जरा बधिर करतात. आवाज कमी येतो, पण केंद्रे आपल्या चालीने चालतात. वडीलही चढ लागला की डायनमो चाकावरून उचलीत, आणि तेवढा रस्ता आम्ही अंधारातून जात असू.